मध्यंतरानंतरच्या दोन ओळी

आमच्या साप्ताहिकात शेवटून दुसऱ्या पानावर, ‘हरवले-सापडले’च्या वर, ‘चार ओळी’ नावाचं सदर येतं. त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमाबद्दल चार ओळींत मत. चारच का, तर जागा तेवढीच उरते. ते सदर मी लिहितो. निदान लोक तसं समजतात. माझं पोटापाण्याचं काम साप्ताहिकाच्याच छापखान्यातलं, मुद्रितं तपासायचं. दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ काढत एकोणतीस वर्षं गेली.

परवा संपादकांनी आत बोलावलं.

“बसा. सदराचं पुस्तक काढू या म्हणतो. खिशात मावेल असं. निवडक दोनशे मतं. कात्रणं लावून द्याल?”

“देतो की.”

“एक बोलू? रागावायचं नाही. तुमच्या आधीच्या मतांना शेपूट होतं हो. गेली पाच-सहा वर्षं मतं बिनशेपटीची येतात. वाचक खूश आहेत, शेवट फोडत नाहीत म्हणून तुमचं कौतुक करतात. पण मला आपलं वाटतं, माणूस दारापर्यंत आणून सोडला आणि दार काही उघडलं नाही.”

मी म्हटलं, “वय झालं साहेब. हात आखडला.”

खोटं बोललो. शेपूट माझं कधी नव्हतंच. ते ताईचं होतं.

हे जरा मागे जाऊन सांगायला हवं. आमचे बाबा थिएटरात यंत्र चालवायचे. यंत्राच्या खोलीत भिंतीला एक चौकोनी भोक, त्याच्यासमोर एकच स्टूल. दोघं मुलं आत घेतली तर मालक ओरडायचा. म्हणून बाबांनी वाटणी केली. मध्यंतरापर्यंत मी बसायचं, कारण मी धाकटा आणि मला लवकर झोप यायची. मध्यंतरानंतर ताईनं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मी तिला पहिला भाग सांगायचा, तिनं मला दुसरा. असे आम्ही शेकडो सिनेमे पाहिले, आणि एकही पाहिला नाही. ती मला ‘अर्धवट’ म्हणायची. त्यात दोन अर्थ होते आणि तिला दोन्ही अभिप्रेत असायचे. मी तिला ‘उत्तरार्धबाई’ म्हणायचो, तर तिला तो मान वाटायचा.

आणि सांगायची काय! आईला देवाच्या गोष्टी गाऊन सांगणाऱ्यांचं वेड. कुठे कोणी उभं राहून गात गोष्ट सांगणार असलं की आई आम्हाला घेऊन पुढच्या रांगेत. त्यांची ती रीत ताईनं जशीच्या तशी उचलली. आधी एक ओळ गुणगुणायची. मग गोष्ट सुरू, मग मध्येच थांबून “म्हणजे काय, बरं का?” मग पुन्हा तीच ओळ, पण आता ती ओळ भरून आलेली असायची. सिनेमातला चोर पकडला गेला एवढंच सांगायचं असलं तरी मी शाळेच्या फाटकाशी डोळे पुसत उभा. मी मनातल्या मनात देवाला सांगायचो, पहिला भाग मला दिलास ते ठीक, पण दुसरा मला असाच मिळत राहू दे.

मोठे झालो. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली, तिचं लग्न झालं, बाबा गेले, मला सदर मिळालं. साप्ताहिकाला थिएटरचा पास एका माणसाचा. पण दारावरचे दाढीवाले काका बाबांच्या वेळचे. त्यांनी वाटणी तशीच चालू ठेवली. मध्यंतराची घंटा वाजली की मी बाहेर. पाण्याच्या नळाशी ताई उभी असायची, दुकानातनं तशीच आलेली, बोटांना काचेची पांढरी भुकटी. दहा मिनिटांत मी तिला पहिला भाग सांगायचा, पास तिच्या हातात द्यायचा, ती आत. संध्याकाळी तिचा फोन. मग माझ्या दोन ओळी, तिच्या दोन ओळी. खाली नाव माझं एकट्याचं. तिला म्हटलं होतं, तुझंही घालू. म्हणाली, “नको बाई. दुकानातल्या बायका फुकटचा पास मागतील.”

संपादकांनी सांगितल्यावर मी कात्रणांची पेटी काढली. जुनी मतं वाचत बसलो. ‘शिंप्याची सातवी सुई’ वर आम्ही लिहिलं होतं: “खून शिंप्यानं केला हे दहाव्या मिनिटाला कळतं. का केला हे मध्यंतर आलं तरी कळत नाही, म्हणून खुर्ची सुटत नाही. पुढे पोलीस शहाणे निघतात आणि सिनेमा वेडा होतो. फाशीच्या आधी शिंपी पहारेकऱ्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून देतो. तेवढ्या बटणासाठी जाऊन या.”

‘तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू’ हा भुताचा सिनेमा: “भूत दिसत नाही तोवर अंगावर काटा. पायऱ्या, नळ, दिवा, सगळे छान काम करतात. दिसल्यावर मात्र भुताचीच काळजी वाटते, बिचारीला पावडर फार लावली आहे. शेवटी ती घर सोडून जाते तेव्हा थिएटरात एक बाई म्हणाली, ‘थांब की गं.’” ती बाई कोण, हे मी तेव्हा छापलं नव्हतं.

‘बर्फाखालचं गाव’: “छायाचित्रण असं की स्वेटर घालून जावं. माणसांची मात्र ओळख होत नाही. शेवटी बर्फ वितळतो आणि गावाबरोबर दिग्दर्शकही उघडा पडतो. तरी त्या म्हाताऱ्याचा हात अजून माझ्या हातात आहे.”

आणि ‘दोन टोप्या, एक डोकं’ या विनोदी सिनेमाला: “पोट दुखेपर्यंत हसलो. बाहेर आल्यावर कशाला हसलो ते आठवेना. लग्न आठ मिनिटं आधी लागायला हवं होतं. सिनेमातलं, आणि खऱ्या आयुष्यात बहुतेक नायिकेचंही, आठ वर्षं.”

मग पेटीतली मधली एक चळत उचलली, आणि पुढची सगळी मतं बोडकी. “घोडा देखणा आहे. मालकापेक्षा चांगलं काम करतो. त्याचं पुढे काय होतं ते ज्याचं त्यानं पाहावं.” “युद्धाचा सिनेमा. तोफा उत्तम, माणसं मध्यम. घरी पत्र लिहिणारा शिपाई बरा वाटतो. पत्र पोचतं की नाही, जाऊन पाहा.” सहा वर्षं असं. वाचक म्हणतात, काय संयम आहे या माणसाचा! संयम कसला? घंटा वाजली की माझे पाय उठतात. एकदा हट्टानं बसून राहिलो. दिवे गेले, पडद्यावर दुसरा भाग सुरू झाला आणि मला दुसऱ्याचं पत्र चोरून वाचतोय असं वाटायला लागलं. उठलो. बाहेर नळाशी कोणी नव्हतं. नळ गळत होता, मी तो घट्ट केला आणि घरी आलो.

दोन चळतींच्या मध्ये ते कात्रण होतं. ‘उशाशी पाणी’. अंथरुणाला खिळलेले वडील आणि त्यांचं सगळं करणारी थोरली मुलगी, असा सिनेमा. “घर खरं वाटतं, औषधाच्या बाटल्यांवरची धूळसुद्धा खरी. वडील फार कमी बोलतात आणि सगळं सांगतात. मध्यंतरानंतर थोरली जरा जास्तच रडते. शेवट अपेक्षित.”

त्या दिवसांत आई ताईकडे अंथरुणावर होती. चार महिने ताईनं केलं. तरी दर शनिवारी शेजारणीला दीड तास बसवून ती दुसऱ्या भागाला यायची. त्या आठवड्यात आली नाही; आईला सोडवेना. आणि मी काय करावं? जाऊन शेवट बघावा, नाहीतर दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. मी अंदाजानं लिहिलं. आईच्याच खोलीत, मांडीवर कागद ठेवून.

ताईनं विचारलं होतं, “काय लिहितोयस?”

म्हटलं, “काही नाही गं, मुद्रितं.”

दुपारी तीनला मी तो मजकूर द्यायला छापखान्यात गेलो. आई पाचच्या सुमारास गेली. शनिवारी अंक आला.

त्यानंतर ताई बोलायची बंद झाली असं नाही. फोन उचलायची. “बरा आहेस ना? जेवलास ना? ठेवू?” एवढंच. मी म्हणायचो, “ताई, शनिवारी नवा लागलाय.” ती म्हणायची, “गुडघे दुखतात रे.” सहा वर्षं माझी पक्की समजूत, की ‘थोरली जरा जास्तच रडते’ हे तिला लागलं. तिच्या रडण्याला मी नावं ठेवली, ती पण छापून. कितीदा वाटलं, जावं आणि सांगावं, अगं, मी तो भाग पाहिलाच नव्हता. पण ते सांगणं म्हणजे आणखीच वाईट. न बघता नावं ठेवली, असं.

आता पुस्तक निघणार होतं. दोनशे मतांतली शंभराहून जास्त अर्धी तिची. तिचं नाव न घालता ते निघालं तर मी चोर. आणि तिला विचारायला गेलो तर ते मधलं कात्रण लपवायचं कुठे? देवाचं नाव घेतलं, कात्रणं वहीत डकवली, तेही डकवलं, आणि रविवारी दुपारी तिच्या दाराची घंटा वाजवली.

भावजींनी दार उघडलं. “या, या, समीक्षक! आज इकडे कुठे पिक्चर लागलाय?”

“तुमचाच बघायला आलो, भावजी.”

“आमचा मूकपट आहे. तीस वर्षं चालू. तुमच्या ताईनं संवाद काढून घेतलेत.”

ताई आतून म्हणाली, “यांना बोलायला माणूस मिळाला की चहा विसरतात. ठेवा आधी.” मग मला, “बस. वाळलास.”

ती खिडकीपाशी बसली होती, चष्म्याची दांडी दुरुस्त करत. तिची बोटं अजून पांढरीच. मी वही तिच्यासमोर ठेवली, पेन्सिल ठेवली.

“पुस्तक निघतंय ताई. तुझ्या ओळींवर खूण कर. तुझं नाव घालणार आहे. या वेळी ‘नको बाई’ चालणार नाही.”

तिनं पान उलटलं. वाचायला लागली. शिंप्याच्या बटणापाशी तिनं पेन्सिलीनं बारीक रेघ मारली. भुताच्या पावडरीपाशी हसली. “हे माझं. तुला काय कळतंय पावडरीतलं.” आणखी चार पानं. “हे नाही माझं. ‘नायिकेचंही’ काय? मी असं लिहीन?”

“तूच सांगितलंस फोनवर.”

“सांगणं वेगळं. छापतात का ते?” पण रेघ मारली.

सहा वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. मला वाटलं वही कधी संपूच नये. भावजी चहाचे कप ठेवून, दोघांचे चेहरे बघून, वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेले. शहाणा माणूस.

मग ते पान आलं.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. पेन्सिल खाली ठेवली.

मी घाईघाईनं सुरुवात केली. “ताई, ते ‘जास्तच रडते’ तुझ्याबद्दल नव्हतं. देवाशपथ. मी दुसरा भाग बघितलाच नव्हता. नुसता अंदाज—”

“माहीत आहे मला.”

“काय?”

“बघितला नाहीस ते. पास माझ्याकडे यायचा ना? त्या शनिवारी आला नाही. तरी घंटा वाजली की तू सवयीनं उठलास आणि घरी गेलास. तेवढं कळतं मला.” तिनं चष्मा पुसला. “आणि रडण्याचं म्हणशील तर मी जास्तच रडत होते. त्यात काय खोटं आहे?”

“मग?”

तिनं बोट ठेवलं. शेवटच्या दोन शब्दांवर.

“अपेक्षित,” ती म्हणाली. “त्या दिवशी घरात येईल तो म्हणत होता. अपेक्षितच होतं हो. चार महिने अंथरुणावर, अपेक्षितच होतं. डॉक्टर म्हणाले, शेजारीण म्हणाली, हे म्हणाले. मी म्हटलं, म्हणू देत, त्यांना काय माहीत. माझा भाऊ येऊन विचारेल. त्याला सवय आहे, तो विचारल्याशिवाय राहायचा नाही. तू आलास, डोकं खाली घालून बसलास, गेलास. दोन दिवसांनी अंक आला. तूही तेच छापलंस.”

“अगं, ते सिनेमाचं—”

“अरे, सगळ्या जगातल्या सिनेमांचे शेवट मला विचारलेस. बर्फाचे विचारलेस, भुताचे विचारलेस. आईचा विचारलास कधी?”

कप हातात होता, तो ठेवायचं सुचेना. नव्हताच विचारला. भीती वाटत होती म्हणून. तीन वाजता मी उठून गेलो होतो म्हणून.

मग मी विचारलं, “ताई, काय झालं गं?”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग हलकेच एक ओळ गुणगुणली. आईची, पुढच्या रांगेतली. ती ओळ तिच्या तोंडून मी सहा वर्षांनी ऐकली.

“तू गेलास ना,” ती म्हणाली, “त्यानंतर तासाभरानं आई जागी झाली. अगदी स्वच्छ. म्हणाली, केस विंचर. मी विंचरायला घेतले. तर ही ओळ म्हणायला लागली, आणि उलटी म्हटली. मागचा शब्द पुढे. स्वतःलाच हसू आलं तिला. म्हणाली, बघ, आता शेवट आधी यायला लागला. मग म्हणाली, धाकटा कुठाय?”

मी हातातला कप खाली ठेवला.

“मी तुला फोन केला. चार वाजले होते. तू काय म्हणालास, आठवतं?”

“शेवटचं पान आहे, ते संपवून येतो.”

“हो. आता हे तिला कसं सांगू? हे डॉक्टरांना आणायला गेलेले. घरात आम्ही दोघीच. मी सांगितलं, निघालाय. थोड्या वेळानं पुन्हा, कुठाय? मी म्हटलं, कोपऱ्यावर आलाय. पुन्हा, कुठाय? म्हटलं, खाली आलाय, जिन्यात आहे.” ताई थांबली. “तर म्हणते कशी, मग थांबते.”

आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

“आणि थांबली रे. अर्धा तास थांबली. दाराकडे डोळे लावून. तीन मजले चढायला अर्धा तास लागतो का? तिला कळत होतं की नाही देव जाणे. श्वास असा तुटक. मला काही सुचेना. मग मी उठले. तुझ्या जुन्या चपला इथेच पडल्या होत्या, त्या पायात घातल्या. खाली गेले. आणि तू चढतोस ना, दोन-दोन पायऱ्या, धाडधाड, वळणावर कठड्याला थाप मारत, तशी चढले. या गुडघ्यांनी.”

“ताई...”

“ऐक. तीन मजले चढले. दारात आले तर...” तिनं दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले. “झालं होतं. तोंड दाराकडे. केस अर्धे विंचरलेले. तिनं तुझा आवाज ऐकला का? कुठल्या वळणाला ऐकला? ऐकून गेली, की मी खाली असतानाच गेली? मला माहीत नाही. सगळ्यांचे शेवट मी पाहिले, आणि हा एक पाहिला नाही. तिला एकटीला सोडून मी जिन्यात नाटक करत होते.”

आता ती रडली. जरा जास्त नाही, हवं तेवढं. मी तिच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसलो. काय म्हणायचं असतं अशा वेळी? म्हटलं, “ऐकला असेल.”

“कशावरून?”

“कठड्याला थाप मारलीस ना?”

“मारली.”

“तिन्ही वळणांना?”

“तिन्ही.”

“मग ऐकला. बाबांचा डबा घेऊन यायची तेव्हा यंत्राच्या खडखडाटातसुद्धा ती थाप तिला ऐकू यायची.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पटलं की नाही, मला सांगता यायचं नाही. पण माझ्या डोक्यावर एक टपली मारली. “अर्धवट.”

भावजी दारात डोकावले. “चहा गार झाला का?”

“तुम्ही वाचा हो तुमचं,” ताई नाक ओढत म्हणाली. मग वही पुन्हा ओढली, त्या पानाकडे पाहिलं आणि एकाएकी विचारलं, “का रे, त्या सिनेमात थोरली शेवटी करते काय?”

“मला काय माहीत? मी उठलो होतो.”

“म्हणजे तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही?”

“नाही.”

“आणि छापलंय, अपेक्षित!”

आधी ती हसली. मग मी. आवाज ऐकून भावजी पुन्हा आले आणि सहा वर्षांनी बायकोला असं हसताना पाहून तिथेच दाराला टेकून उभे राहिले. काय झालं म्हणून विचारलं नाही त्यांनी.

ताईनं पेन्सिल उचलली. मी लिहिलेल्या खालच्या दोन ओळी खोडल्या, सावकाश, एकेक शब्द. मग समासात आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: “शेवट आम्हा दोघांपैकी कोणीही पाहिलेला नाही. ज्यानं पाहिला, त्यानं तो जपून ठेवला असेल.”

सोमवारी मी वही संपादकांना दिली, पहिल्या पानावर ताईचं आणि माझं, दोघांची नावं घालून. ते त्या पानापाशी अडले. चष्मा वर सरकवला.

“हे कसलं मत? न बघितलेल्या सिनेमाचं? वाचक हसतील.”

“हसू देत.”

“आणि ‘ज्यानं’ म्हणजे कोण?”

मी म्हटलं, “साहेब, ते असंच जाऊ द्या. ऱ्हस्व-दीर्घ मी तपासलेत.”